एकदा विचारायचं तरी

दाढीमिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास आला, की मला नव्वदीतलं आमचं बडोद्याचं नाट्यमंडळ आठवतं. आम्ही एक जुनी शोकांतिका बसवत होतो, ज्यात राजा अमात्याचं ऐकून निर्दोष भावाला देशोधडीला लावतो. दिग्दर्शक मी, म्हणजे खांद्याला शबनम आणि प्रत्येक गोष्टीवर मत. राजा होता तरसालीचा एक कारखाना कामगार, आणि अमात्य बँकेतला कारकून. त्या अमात्याला मी महिनाभर घोकवलं, "कपटी दिसू नकोस. सांगताना तुलाच वाईट वाटू दे. अर्धंच सांग, उरलेलं राजा स्वतः रचेल." पुढे राजाने सलग तीन तालमी चुकवल्या, तेव्हा चहाच्या लारीवर अमात्य खालच्या आवाजात म्हणाला, "जाऊ द्या ना, सर. गुणी माणूस आहे. सयाजीगंजातल्या दुसऱ्या ग्रुपने बोलावलं असेल, तर आपण कोण अडवणार?" त्याच संध्याकाळी मी राजाची भूमिका अमात्यालाच देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी राजा कारखान्याच्या गणवेशातच, तांबारलेल्या डोळ्यांनी आला. प्रयोगाच्या दिवशी सुट्टी मिळावी म्हणून तो तीन दिवस डबल शिफ्ट करत होता. "एक वार विचारायचं तरी, सर," एवढंच बोलून त्याने संहिता खुर्चीवर ठेवली, आणि पुन्हा कधीच रंगमंचावर पाय ठेवला नाही. मला मात्र शाल-श्रीफळ मिळालं. हल्ली मी शोकांतिकेवर व्याख्यानं देतो. एवढा शहाणा राजा भावाला एकदा विचारत कसा नाही, असं कुणीतरी हमखास विचारतं, आणि मी विद्वानांची मतं सांगतो.