बसऱ्याहून आलेलं मत

सदतीस सालच्या निवडणुकीत भडगावजवळच्या त्या गावात मत होतं ते मोजक्या सारा भरणाऱ्या घरांना, आणि एक भागाबाईला. भागाबाईला ना वावर, ना अक्षरओळख. ती लोकांच्या रानात दादर ज्वारी सोंगायला जायची. पण तिचा एकुलता झुलाल जर्मनच्या लढाईत इराकातल्या बसऱ्याला मेला होता, आणि पलटणीत मेलेल्याच्या आईला, पेन्शन असेल तर, सरकारनं मत दिलं होतं.

"तुनं नशीब, भागाक्का!" दादरीची पेंढी बांधता बांधता शेवंताबाई म्हणाली. "आम्हले मत नही, तुले शे."

"तुम्हले मत नही, पन आंडोर शेतस ना?" भागाबाईनं विळा न थांबवता विचारलं. पोरांची आई असलेली शेवंताबाई पुढच्या पेंढीला लागली.

झुलाल काही हौसेनं गेला नव्हता. सतरा साली मामलेदारानं पलटणीसाठी गावाकडून दोन माणसं मागितली. पाटलाचा थोरला पोरगा पितांबर उंचीला, छातीला मापात बसत होता. बापानं त्याला एरंडोलला मामाकडे धाडला आणि त्याच्या जागी विधवा भागाबाईचा पोर पुढं उभा केला. बसऱ्याहून तार आली तेव्हा ती भागाबाईला वाचून दाखवायलाही पाटीलच आला होता.

आता म्हातारा पाटील मेला होता. पाटीलकी धाकट्या भावाच्या नावावर ठेवून पितांबरनं खादीची टोपी घातली होती. घराच्या एका कोनाड्यात सरकारचा शिक्का, दुसऱ्यात चरखा. राज्य कोणाचंही येवो, ओसरी त्यांचीच.

एक दिवस तो भागाबाईच्या दारात आला.

"भागामाय, तुनं मत आम्हले पाह्यजे. गोरा जाई, आपलं राज्य ई."

"गोरा जाई विलायतले. तू कथा जाशी?"

पितांबर हसला. "तसं नही माय. देशनं काम शे."

"मनं मत कथाईन वनं, माहीत शे का तुले? बसराथाईन वनं. चावडीवर चार माणसेसमा सांग, झुलाल मना जागावर गया. इतलंच सांग. मत तुनं."

पितांबर टोपी काढून डोकं खाजवत बसला. "सांगसू," म्हणाला आणि निघून गेला.

त्याच आठवड्यात चावडीपुढं सभा झाली. उमेदवार मोटारीतून आला, गळ्यात सुताचे हार. विरुद्ध बाजूचा पागोटेवाला रावसाहेब परवाच येऊन गेला होता; त्यानंही ह्याच ओट्यावरून रयतेची कणव केली होती. भागाबाई बायकांत पुढं बसली. वीस वर्षांत तिनं कोणाकडे काही मागितलं नव्हतं. आता एक वाक्य मागितलं होतं, आणि ते ऐकायला ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती.

पितांबर उभा राहिला. "आपल्या गावात एक वीरमाता आहे," तो पुस्तकी मराठीत बोलायला लागला. "ह्या भागाबाईंनी आपला एकुलता एक मुलगा देशासाठी दिला!"

टाळ्या पडल्या. उमेदवारानं गळ्यातला एक हार काढून तिच्याकडे पाठवला.

भागाबाई उठली. हार हातातच होता.

"देशले नही दिधा मी मना आंडोर. तुना बाप लई गया त्याले, तुले वाचाडाले."

टाळ्या थांबल्या. मग तोताराम आबा, गावातला सगळ्यात वडीलधारा माणूस, समजुतीच्या सुरात म्हणाला, "बठ माय. आज नको. पाव्हना शे गावमा."

खरं काय ते आबाला ठाऊक होतं. अर्ध्या गावाला ठाऊक होतं. भागाबाईनं त्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं, हार ओट्यावर ठेवला आणि घरी जाऊन भाकरी थापली.

मतदानाच्या दिवशी पितांबरच्या छकड्यातून मतदार भडगावला गेले. भागाबाई पायी गेली. साहेबानं यादीतून मोठ्यानं वाचलं, 'मयत शिपाई झुलाल याची आई'. तेवढं ऐकायलाच जणू ती कोसभर चालली होती. चिठ्ठीवर तिनं कोणापुढंच खूण केली नाही. कोरी घडी करून पेटीत टाकली. टोपीवाला निवडून आला, पितांबरच्या दारात गुलाल उधळला.

दर चैत्रात पेन्शनवाला माणूस जिवंत असल्याचा दाखला लागे, आणि तो देई पाटील. ह्या चैत्रात धाकट्या पाटलानं भागाबाईला तीन चकरा मारायला लावल्या. चौथ्या खेपेला म्हणाला, "भाऊले विचार." भाऊनं दारच उघडलं नाही.

ती तशीच भडगावला कचेरीत गेली. कारकुनानं कागद उलटापालटा केला.

"पाटलाची सही नाही, बाई. सहीशिवाय कागदावर तुम्ही हयात नाही."

"मी तुना समोर उभी शे ना, भाऊ?"

"मी काय करू? दाखला आणा."

"दोन महिना पहिले मी मत दिधं आठेच, भडगावले. यादीमा नाव वाचं तुम्ही. मंग ते मत कोनी दिधं?"

कारकुनानं पुढच्या माणसाला हाक मारली.