गुरुवारचं मागचं फाटक

देवीदास भुयार ख्रिश्चन झाला ही बातमी अकोल्यात पहिल्यांदा कुणी आणली, असं कुणी विचारलं तर मी चष्मा पुसायला घेतो. बातमी मात्र पक्की होती. आमच्या कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे भुयार सर दर गुरुवारी चार वाजता चर्चच्या मागच्या फाटकातून आत जातात आणि सहाला बाहेर येतात. खांद्यावर कापडी पिशवी, मान खाली. कुणी म्हणे, बाप्तिस्मा झालासुद्धा, नाव बदलायचं तेवढं बाकी आहे. मग रविवारी का जात नाहीत, असं एका भाबड्या शिक्षकानं स्टाफरूममध्ये विचारलं. "रविवारी सगळे पाहतात ना!" हे उत्तर माझं. इतकं जमून आलं होतं की मी ते पुढे पाच-सहा ठिकाणी वापरलं.

संशयाला जागाही होती. वलगावच्या काळ्या मातीतला, नत्थुजी भुयारांचा थोरला मुलगा. भावकीत सगळे तूर-कपाशीवाले. या गड्यानं अमरावतीला एम.ए. केलं आणि पीएच.डी.ला विषय घेतला मार्टिन लूथरचा कृपाविचार. नत्थुजींना शेवटपर्यंत वाटत होतं की पोरगं अमेरिकेतल्या त्या काळ्या पुढाऱ्यावर लिहून राहिलं. "नाही बाबा, हा चारशे वर्षं आधीचा, जर्मनीचा," असं देवीदासनं सांगितलं, तर म्हणाले, "मंग त्याचं तुले आता काय?"

पण गडी शिकवायचा फार छान. माझा मराठीचा वर्ग त्याच्या शेजारी. माझी मुलं पेंगायला लागली की मी स्वतः भिंतीपलीकडचं ऐकत बसायचो. समोर सात मुलं, त्यातली चार स्पर्धा परीक्षेच्या आशेनं आलेली. त्यांना हा सांगायचा, "अकोटले जिनिंगवर कापूस नेतो आपण. वजन वाढावं म्हणून रात्री पाणी मारतो की नाही? खरं सांगा." मुलं हसायची. "माणूसही देवापुढं असाच जातो. पुण्याईचं, व्रताचं, चांगुलपणाचं पाणी मारून. लूथर म्हणतो, अरे बाबा, तिथं काटाच नाही. देव वजन करतच नाही. तो तुला आहे तसा घेतो, ओला का कोरडा विचारत नाही. फक्त तू आहेस तसा त्याच्यापुढं उभा राहा." हे ऐकून मलाही क्षणभर बरं वाटायचं. मग तास संपायचा आणि मी चहाच्या टपरीवर जाऊन पुन्हा गुरुवारचं फाटक उघडायचो.

प्रबंधाचं पुस्तक झालं. प्रस्तावनेत एक वाक्य होतं: "सर्व उतारे मूळ जर्मनवरून." त्या वाक्यानं देवीदासला मोठं केलं. विद्यापीठात कुठं परिसंवाद असला की "आपले जर्मनवाले भुयार" म्हणून बोलावणं यायचं. अभ्यासमंडळावर घेतलं. मग लूथरवरच्या जर्मन लेखांचं एक जाड भाषांतर त्याच्याकडे आलं. त्याला तीन-चार वर्षं लागली. गुरुवार सुरू झाले ते त्याच सुमारास. पण ही दोन टोकं जोडायला डोकं लागतं, आणि माझं डोकं त्या वेळी चवदार कामात गुंतलेलं होतं.

आता माझी खरी कामगिरी. अमरावतीच्या बस स्टँडवर मला त्याचा धाकटा भाऊ भेटला. किशोर. वलगावला शेती पाहायचा. एस.टी. यायला अवकाश होता. मी त्याला म्हटलं, "काय किशोरभाऊ, दादा आता गुरुवारी उपास बिपास करतात की चर्चातच जेवतात?" मला फक्त गंमत करायची होती. किशोर हसला नाही. त्यानं सगळं विचारून घेतलं, आणि मीही, विचारतोय म्हटल्यावर, काही राखून ठेवलं नाही.

त्याच वर्षी, दोन हजार बारा साली, नत्थुजी गेल्यानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, होत्या. भुयारांकडे रीत अशी की बाप गेला की महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे थोरल्याच्या घरी जातात. देवीदासच्या बायकोनं, चंदावहिनींनी, अकोल्याच्या घरात पूर्वेची भिंत रंगवून घेतली होती. दोन नवी लुगडी आणून ठेवली होती. वलगावच्या घरातलं हे शेवटचं जेवण म्हणून देवीदासनं मलाही नेलं. मला! मी आंबील, कढी, पुरणपोळी, सोळा भाज्या असं सगळं ओरपून पाट सोडणार, तेवढ्यात त्याची आई, मैनाबाई, मुखवट्यांची रिकामी पेटी मांडीवर घेऊन मधोमध येऊन बसली.

"देवीदास, तुले एक इचारतो. लक्षुम्यांच्या समोर इचारून राहिली, खोटं बोलू नोको."

"बोल नं आई."

"तू गुरुवारचा त्या चर्चात कावून जाते?"

मी पानातला कढीपत्ता मोजायला लागलो.

"काम असते," देवीदास म्हणाला.

"कायचं काम?"

"अभ्यासाचं."

"अभ्यास घरी होत नाही? बावा, मी अडाणी आहो, पर येडी नाही. तू देव बदलला का? बदलला असशीन तं तसं सांग. मी तुले घराबाहेर काढत नाही. पोटचा आहेस. पर हे मुखवटे कोणाच्या हाती देऊन राहिली, ते मले समजलं पायजे."

"नाही बदलला, आई."

"मंग कावून जाते, ते सांग. एक शब्द सांग."

मी त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं. आतून काहीतरी वर येत होतं, हे मला स्पष्ट दिसलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

मैनाबाई उठल्या आणि पेटी किशोरच्या बायकोच्या मांडीवर ठेवली. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. देवीदासला म्हणाल्या, "जेव. पुरण थंडं झालं."

परतीच्या बसमध्ये चंदावहिनी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. बडनेरा गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "एक शब्द मागतला होता त्यायनं." देवीदास मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला, बोट पांढरं होईपर्यंत. आणि मी? मला वाटलं, बातमी खरी निघाली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी पुरणासकट सगळं वाढलं.

पुढे वर्षाच्या वर्षाला देवीदास महालक्ष्म्यांना पाहुण्यासारखा वलगावला जायचा. आई त्याला जेवायला वाढायची, पण अकोल्याला त्याच्या घरी आली की पाणीसुद्धा बरोबर आणलेल्या बाटलीतलं प्यायची. गावातल्या लग्नपत्रिकांवर किशोरचं नाव आधी यायला लागलं. हे सगळं त्यानं सोसलं, तेव्हा आम्ही म्हटलं, श्रद्धा असावी तर अशी.

एकदा तर मी डोळ्यांनी पाहिलं. भाजीबाजारात प्राचार्य, देवीदास आणि मी उभे होतो. पांढऱ्या साडीतली एक सडसडीत म्हातारी लगबगीनं आली. "सर, या गुरुवारी थोडे लौकर या बरं. मले डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं हाये." प्राचार्यांनी भुवया वर केल्या. देवीदास म्हणाला, "कोण आपण? मी ओळखलं नाही." म्हातारीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग प्राचार्यांकडे, मग माझ्याकडे. "चुकलंच माह्यं," ती म्हणाली. "आमच्या वळखीचे एक सर हायेत, तसेच दिसता तुमी." आणि मेथीची जुडी उचलून गेली. त्या गुरुवारी मी मुद्दाम पाळत ठेवली. देवीदास साडेतीनलाच गेला. फाटक उघडंच होतं.

दोन हजार सतराला लूथरच्या चळवळीला पाचशे वर्षं झाली म्हणून अमरावतीला मोठा परिसंवाद ठरला. जर्मनीच्या एक विदुषी येणार होत्या. स्वागत जर्मनमध्ये भुयार सर करणार, असं पत्रिकेत छापलं. आदल्या दिवशी सरांचा घसा बसला. तीन दिवस गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास. त्या बाई काही विचारायच्या आणि हा गळ्याकडे बोट दाखवून नमस्कार करायचा. "लूथरनंच गळा धरला तुमचा," मी म्हटलं. तो हसला नाही. घामानं मफलर ओला झाला होता. बाई निघून गेल्या त्या संध्याकाळी त्यानं मला खणखणीत आवाजात विचारलं, "सर, अकोल्याची गाडी किती वाजता?" मी वेळ सांगितली. आवाजाबद्दल मी काही विचारलं नाही, ही माझ्या आयुष्यातली एक दुर्मिळ गोष्ट.

मैनाबाई एकोणीसला गेल्या. शेवटच्या दिवसांत देवीदास पंधरा दिवस उशाशी होता. त्या विचारतील म्हणून तो वाट पाहत होता, असं त्यानं मला नंतर सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंही आपण होऊन सांगितलं नाही.

तेवीसला तो निवृत्त झाला. विभागातलं कपाट रिकामं करायला मला बोलावलं. खालच्या कप्प्यात लांब वह्या निघाल्या, चाळीसच्या वर. आत अक्षर त्याचं नव्हतं. टपोरं, सरळ, प्रत्येक पानावर वर तारीख आणि वेळ, दवाखान्यात पेशंटच्या कागदावर असते तशी. समासात मधूनमधून शेरे: "हे वाक्य लई लांब आहे, वाचता वाचता दम लागला." "लूथर आज फार चिडला आहे, सरांना विचारणे." मी पहिल्या वहीचं आतलं पान उघडलं. नाव होतं सुंदराबाई.

देवीदास खुर्चीत बसला. "दोन वर्षं झाली त्यायले जाऊन," म्हणाला. "बाजारात मी ओळखलं नाही म्हटलं, त्याच त्या. बावीस वर्षं जर्मनीतल्या दवाखान्यात नर्स होत्या, मंग इथं चर्चच्या मागं राहायला आल्या. भाषांतरावर त्यायचं नाव टाका म्हटलं असतं त्यायनं, तर टाकलं असतं मी. त्या कधी म्हटल्या नाहीत. अन् मी कधी टाकलं नाही." मग वह्यांकडे पाहत म्हणाला, "मुलांना तीस वर्षं सांगतलं, आहे तसे उभे राहा. अन् माह्या सगळ्या कापसावर पाणी मारेल होतं, सर."

"पण आईले तरी सांगायचं," मी म्हटलं. "लक्षुम्यांच्या समोर विचारत होती ती."

"आईनं वलगावभर पेढे वाटले असते. पोरगं आपलंच आहे म्हणून. पेढे कायचे, ते किशोरनं बस स्टँडवर तुमाले सांगतलं असतं. अन् तुमी कॉलेजले."

मी वह्या पोत्यात भरल्या, त्यानं तोंड बांधलं.

देवीदास भुयार ख्रिश्चन झाला नव्हता. त्याला जर्मन येत नव्हतं; प्रबंधातले उतारे इंग्रजीवरून होते. दर गुरुवारी चार ते सहा सुंदराबाई त्याला जर्मन पुस्तकं वाचून मराठीत लिहून देत होत्या.