आवाज आला नाही म्हणून

पिंपळे गुरवला मी वरच्या भाड्याच्या खोल्यांपैकी एकीत राहायचे आणि खाली मालकीणबाई. त्यांना मी मावशी म्हणायचे. परभणीकडून आलेल्या, नववीत शाळा सुटलेल्या एकट्या बाईला खोली मिळणं सोपं नसतं. नवरा कुठं, शिफ्ट कुठली, सोडायला कोण येतं, असं सगळं विचारून घेतात आणि मग म्हणतात, खोली कालच गेली. मावशींनी एकच विचारलं होतं, "खरकटं मोरीत टाकनार न्हाईस ना?" आणि चावी हातात दिली. पुढं मला डेंग्यू झाला तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून पेज घेऊन यायच्या. मी ती पिऊन संपवेपर्यंत दारातच बसायच्या. आईनंतर माझ्यासाठी असं कुणी बसलेलं नव्हतं.

खाली मावशी, त्यांचा मुलगा आणि सून एवढीच माणसं. मुलगा जमिनीचे व्यवहार करायचा. सुनेला मी वहिनी म्हणायचे. त्या घरात भांडण झालं की आवाज वर यायचा. भांडं आपटल्याचा, शिव्यांचा, वहिनींच्या रडण्याचा. आम्ही सगळे भाडेकरू तेवढ्यापुरता टीव्ही मोठा करायचो. तसं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नळावर वहिनी भेटल्या की मी पाण्याबद्दल बोलायचे.

चाकणला एका कंपनीत मी गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर आहे. वहिनींनाही तिथं कामाला यायचं होतं. बसचा थांबा कुठला, उभं राहून पाय दुखतात का, जेवण कसं असतं, असं हळूहळू विचारायच्या. मी सांगायचे. यात काही चुकतंय असं मला वाटलं नव्हतं, पण भीती होतीच. मला कशाचीही भीती वाटते.

तो गुरुवार होता, कंपनीला सुट्टी. दुपारी मी कणीक मळत होते. खाली सुरू झालं. "ती वरची तुला शिकवती व्हय गं?" हे मला स्पष्ट ऐकू आलं आणि हात परातीतच थांबले. मग एक थापड. मग वहिनींचा अर्धाच शब्द. आणि मग काहीच नाही. रडणं नाही, भांडं नाही. टीव्ही लावायला म्हणून मी उठले होते, पण त्या शांततेत मला वर थांबवेना. मी कणकेच्या हातांनी जिना उतरले.

दार उघडंच होतं. मुलानं वहिनींना फ्रीजशेजारच्या भिंतीला टेकवलं होतं आणि त्याचे दोन्ही हात त्यांच्या गळ्यावर होते. तो ओरडत नव्हता. अगदी हळू म्हणत होता, "बोल आता. बोल की." वहिनींच्या टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या होत्या. माझ्या तोंडून "मावशी" एवढंच निघालं. त्यानं वळून पाहिलं आणि हात काढले. वहिनी खाली बसल्या आणि खोकायला लागल्या.

"काय झालं न्हाई," मावशी म्हणाल्या. "नवरा-बायकोचं हाय. जा तू वर."

मी वर गेले.

नंतर वहिनींचा आवाज बसला. मावशी त्यांना मिठाच्या गुळण्या करायला लावायच्या, हळद-दूध द्यायच्या. "हवा बदललीय," असं शेजारणीला सांगताना मी ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, गुळण्यांनी उतरेल. गळ्यावर म्हणावी तशी खूणही नव्हती, थोडी लाली, तीही दुसऱ्या दिवशी दिसेना. आमच्याकडे मार म्हणजे वळ, टाके, प्लॅस्टर. जे दिसत नाही ते झालं, असं कुणी धरत नाही.

वहिनींचा भाऊ खेडकडचा शेतकरी. कांदा चाकणच्या मार्केटला लावून तो बहिणीकडे चहाला आला. तिचा घोगरा आवाज ऐकून त्यानं विचारलं आणि मावशी आत गेल्यावर तिनं सांगितलं. कप तसाच ठेवून तो तिला घेऊन गेला. चौकीत आधी अदखलपात्र नोंद झाली, म्हणजे कागद होतो पण पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. वहिनी तिथं "मारलं" एवढंच म्हणाल्या होत्या. संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात नेल्यावर मात्र बसलेला आवाज ऐकून डॉक्टर त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरलंय का ते पाहू लागले. गिळताना दुखतं का, त्या वेळी डोळ्यांपुढं अंधारी आली होती का, कपड्यात लघवी झाली होती का, असं त्यांनी विचारलं. त्या शेवटच्या प्रश्नाला वहिनी रडल्या. तिथून कागद परत पोलिसांकडे गेला आणि मग मला बोलावणं आलं.

जबाब घेणाऱ्या हवालदार बाई होत्या. मी नुसती घाम पुसत होते. त्या म्हणाल्या, "ताई, पाणी प्या. तुम्ही काही केलेलं नाही."

"मॅडम, मी नववीपर्यंतच शिकलेय. माझं चालेल का?"

"पाहायला दहावी लागते का?"

मला थोडं हसू आलं. मग त्यांनी समजावलं. कायद्यात गळा दाबण्याला असं वेगळं कलम नाही. थापड मारली तर साधी दुखापत. बायकोचा छळ चालला असेल तर त्याला कलम आहे, त्यात गुन्हा दाखल होतो. आणि गळा दाबला, तर ती साधी दुखापत धरायची की जिवे मारायचा प्रयत्न, हे ठरतं कसा दाबला, किती वेळ, तोंडानं काय म्हणत होता यावर. "म्हणून जे पाहिलं तेवढंच सांगा. वाढवू नका, कमीही करू नका."

मी सांगितलं. दोन्ही हात, समोरून. टाचा. "बोल आता, बोल की."

"मारून टाकतो, असं काही?"

"नाही. तेवढंच म्हणत होता."

त्यांनी लिहिलं. एवढ्याची तयारी मी येताना रिक्षात केली होती. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "सासू कुठं होती?"

याची तयारी नव्हती. मला ती पेज आठवली. घरात नव्हत्या म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? वहिनी मला खोटं पाडायला आल्या नसत्या. पण वहिनींच्या उघड्या डोळ्यांनी त्या वेळी दाराकडे नाही, पलंगाकडे पाहिलेलं होतं.

"पलंगावर," मी म्हणाले. "गवारीच्या शेंगा मोडत होत्या."

"बघत होत्या?"

"खाली बघत होत्या."

तेही लिहिलं गेलं. त्यांच्यावर काही लागेल का, असं मी विचारलं. ते तपासात ठरेल, म्हणाल्या. मी सही केली. माझी सही शाळकरी आहे, अक्षरं सुटी-सुटी.

मुलाला अटक झाली आणि पुढं जामीनही झाला. तो घरी यायच्या आधी मी खोली सोडायचं ठरवलं. कुणी जा म्हटलं नव्हतं. सामान बांधत होते तेव्हा मावशी जिना चढून आल्या आणि दारात नेहमीसारख्या बसल्या.

"माझं बी नाव सांगितलंस व्हय?"

"विचारलं त्यांनी, मावशी."

"काय सांगितलंस?"

"गवार मोडत होता म्हणून."

त्यांनी बराच वेळ गुडघे चोळले. "तेवढंच तर करत व्हते मी," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, पोरीसारखं सांभाळलं म्हणतील. त्या उठायला लागल्या. मी हात पुढं केला, तो धरला नाही. भिंतीला धरून उतरल्या.

आता मी चाकणला आहे. कंपनीच्या मुलींबरोबर एका खोलीत, पण सगळ्यांच्या शिफ्टा वेगळ्या, उठावं तर बाकीच्या झोपलेल्या. वहिनी माहेरी आहेत. एकदा त्यांचा फोन आला होता, कोर्टात तारीख लागली की तुम्ही याल ना, एवढं विचारायला. येईन म्हणाले. तिथं मावशी समोर असतील आणि मला तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागेल. या विचारानं लाइनवर हात थांबतात, सुपरवायझर ओरडतो.

पत्ता बदलला की कळवायचं, असं त्या हवालदार बाईंनी सांगितलं होतं. म्हणून गेल्या गुरुवारी मी बस पकडून चौकीत गेले. त्यांनी नवा पत्ता लिहून घेतला. "जवळची खूण?" मी ट्रकांच्या वजनकाट्याची सांगितली. "घरचं कुणी? तुम्ही नाही सापडलात तर?"

"कुणी नाही, मॅडम," मी म्हणाले. "मी सापडेन."