तीन काचा

लॅबमध्ये तिला सगळे निळीबाई म्हणत. सत्तावीस वर्षं यकृताचे तुकडे रंगवून निळा रंग बोटांच्या पेरांत असा मुरला होता की कुठलाच साबण त्याला पुरा पडत नसे. जिभेला तर त्याहून धार. "रिपोर्ट चुकला असेल हो" असं म्हणत खिडकीशी येणाऱ्या नातेवाइकांवर तिचा खास राग. "हो तर," ती म्हणायची, "रंगाचं तुमच्या घराशी वैर आहे ना."

तिचा धाकटा भाऊ गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून, गुडघ्यांत गोड पेयाची बाटली धरून लोकांना ब्रेक दाबायला सांगायचा. स्वतःला ब्रेक लावायचं त्याला कधी सुचलं नाही. पोट पट्ट्यावरून ओसंडत होतं, साखर वाढलेली, आणि तोंडात एकच पालुपद: "आपण दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही, ताई. लिव्हर बेवड्यांचं बिघडतं."

तिने शंभरदा डोकं फोडलं होतं. साखरेची चरबी होते, त्या चरबीने यकृताच्या पेशी फुगतात, दुखावतात, मरतात. त्यांची बोंब ऐकून शेजारी निवांत पडलेल्या पेशी जाग्या होतात आणि जखम बुजवायला धागे विणत बसतात. मार थांबला तर विणणं थांबतं, हळूहळू धागे विरतातही. नाहीतर त्या अडाण्यासारख्या विणतच राहतात, धाग्याला धागा भिडून पूल होतात आणि मऊ यकृताचा दगड व्हायला लागतो. "केवढं घाबरवतेस," असं म्हणून भावाने बाटलीचं झाकण फिरवलं होतं.

शेवटी तिनेच त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. सुईने यकृताचा दोऱ्याएवढा तुकडा निघाला. तो तिनेच लॅबमध्ये आणला, मेणाच्या वडीत बसवला, पातळ पापुद्रा कापून काचेवर घेतला. शेजारी, नेहमीच्या पद्धतीने, एका जुन्या खराब यकृताची काच ठेवली. त्या काचेवर पेशी लाल आणि धागे निळे आले की रंगाची खात्री पटायची.

भावाच्या काचेवर निळ्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या होत्या.

"रंग शिळा झालाय," ती पुटपुटली. नवा रंग केला, वडीतून पुन्हा कापलं. निळंच. मग म्हणाली, पापुद्रा जाड कापला गेला. तिसऱ्यांदा कापलं. पुन्हा निळंच. जुन्या यकृताची काच मात्र तिन्ही वेळा अगदी चोख आली होती. वडीत आता नुसतं मेण उरलं होतं.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिन्ही काचा पाहिल्या. "पूल झालेत. गाठी अजून नाहीत, म्हणजे वेळ गेलेली नाही. पण यात लोह साठलंय का तेही बघायचं होतं. तुकडा कुठेय?"

निळीबाईने मेणाची रिकामी वडी पुढे केली. सत्तावीस वर्षं जिने खिडकीपाशी आलेल्यांना हिणवलं, ती आज जणू दोनदा त्याच खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. रिपोर्ट चुकला असेल हो, म्हणत. तिला स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी भावाने गाडीतच कागद वाचला. बाटली होतीच गुडघ्यांत.

"तुमच्याकडे गर्दी असते, ताई. चुकला असेल. पुन्हा कर."

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"तीनदा केला. मलाही तसंच वाटलं म्हणून. आता कापायला काही उरलं नाही."

भावाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आपली ताई स्वतःचं चुकलं असं म्हणते, हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. त्याने विचारलं, "ते विणणं... अजून थांबतं का?"

"मार थांबवलास तर."

मग तिने त्याच्या गुडघ्यांतली बाटली ओढून घेतली आणि ती गटारात ओतायला गाडीतून उतरली. त्याने हात पुढे केला नाही.