माळ आणि कात्रण

यकृताच्या ओपीडीत समोरच्या आजोबांच्या गळ्यात काविळीची माळ होती. "परवा गळ्याशी होती, आता छातीवर आलीय. उतरतेय कावीळ," ते कौतुकाने सांगत होते. मला चीडच आली. अहो, देठ सुकतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते!

तेवढ्यात आमचा नंबर आला. दादाचं यकृत निकामी होत आलंय. मी पर्समधलं वर्तमानपत्राचं कात्रण डॉक्टरांपुढे ठेवलं. मूळ पेशींनी यकृत दुरुस्त होणार, अशी बातमी. त्यांनी ते न वाचताच परत दिलं.

"ताई, अजून प्रयोगच चालू आहेत."

गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते.

बाहेर आजोबा माळ चाचपत बसले होते. त्यांची खोटी माळ निदान रोज बोटभर वाढत होती. माझं खरं कात्रण घडीवर फाटत चाललं होतं.