मांडीवरची पाटी

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दळण घेऊन जिन्यातच उभी होते. त्यांची लेक पुण्याहून बोलत होती. मी नुसतं "हं" म्हणत राहिले... आणि डोळ्यांपुढे आली ती आमची एसटी, तिच्यातलं कोवळं ऊन आणि ताईंच्या मांडीवरची वेताची पाटी.

विश्रामबागेत आम्ही समोरासमोर राहायचो. ताई एकट्या, सोबतीला चिंगी नावाची म्हातारी मांजर. थंडीतल्या एका सकाळी चिंगी उठलीच नाही. सोसायटीच्या बागेत पुरायला सेक्रेटरींनी नकार दिला. "घंटागाडी येईलच आता, तिच्यात द्या," म्हणाले. कुणाला कधी उलटून न बोलणाऱ्या ताई शांतपणे म्हणाल्या, "कचऱ्यात नाही द्यायची मी तिला."

माझ्या भावाचं शेत विट्यापुढच्या औंध गावात. जुन्या सुती साडीत गुंडाळून चिंगीला पाटीत ठेवलं आणि आम्ही निघालो. कंडक्टरला कळलं तर उतरवील, या धास्तीनं मी गप्प होते. विट्याला गाडी बदलली, तेव्हा माणदेशातली एक म्हातारी धनगरीण शेजारी येऊन बसली.

"काय हाय गं पाटीत?"

मी काही सांगायच्या आत ताई म्हणाल्या, "माझी मांजर. सकाळी गेली."

जरा वेळानं खिडकीतलं ऊन पाटीवर आलं, तसा म्हातारीनं आपला पदर पसरून सावली धरली. "आमचं कुत्रं गेलं तवा मेंढरं लय बावरली हुती," एवढंच म्हणाली. बाहेर करडी माळरानं संथपणे मागे जात होती. त्या पदराखाली आम्ही तिघी जणू एकाच घरातल्या झालो होतो... तो रस्ता संपूच नये असं वाटत होतं.

भावानं बांधाकडेला खोल खड्डा काढला, तळाला मीठ पसरलं. ताईंनी स्वतः वाकून चिंगीला आत ठेवलं. माती लोटून झाल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, वर दगड ठिवतो. न्हाईतर कुत्री उकरत्यात."

"जड नका हो काही ठेवू तिच्यावर."

मग त्यानं बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि मातीभोवती काट्यांचं कुंपण केलं. परतीच्या गाडीत ताई रिकामी पाटी तशीच मांडीवर धरून, माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवसकार्यानंतर ताईंची लेक घर आवरून गेली. जाताना स्वयंपाकघराची खिडकी लावायला तिनं हात उचलला, तेव्हा मी तिला अडवलं. ती कायम वीतभर उघडी असायची. चिंगी तिथूनच आत-बाहेर करायची, आणि ती गेल्यावरही ताईंनी ती खिडकी कधी लावली नाही.

"पाऊस येईल ना आत, मावशी?"

"येऊ दे. मी पुसेन."

तिनं किल्ली माझ्या हातात दिली. आता सर आली की मी समोरचं दार उघडते, खिडकीखालची फरशी पुसते आणि खिडकी तशीच ठेवून परत येते.