चुन्याचा उजेड

माझ्या मामाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दाराला कुलूप लावलं की तो ते तीनदा ओढून बघायचा, आणि कुणी गोड बोललं की "याचं काय काम असेल गं?" असं मला विचारायचा. छत्तीस वर्षं नाट्यगृहाच्या बाल्कनीमागच्या खोलीत बसून त्याने नटांवर दिव्याचा झोत टाकला. शेवटची तीन वर्षं मी, त्याची भाची, शेजारच्या स्टुलावर बसून ते काम शिकत होते.

त्यामुळे मॅनेजरसाहेबांनी त्याचा सत्कार जाहीर केला, तेव्हा मामाच्या मनात पाल चुकचुकली. पत्रिकेवर छापलं होतं, 'लाइमलाइटमध्ये आपले मामा'. तो शब्द आला कुठून, हे त्याने मला शंभराव्यांदा ऐकवलं. लाइम म्हणजे चुना. विजेचे दिवे येण्याआधी चुन्याची कांडी ज्योतीत तापवून रंगमंचावर पांढराशुभ्र उजेड पाडत. एकाच जागी तापून कांडीला खड्डा पडे, म्हणून ती फिरवत राहायला एक माणूस अंधारात बसलेला असे. उजेड ज्याच्यावर पडे त्याचं नाव होई. पुढे नाव होण्यालाच लोक लाइमलाइट म्हणू लागले.

"कांडी फिरवणाऱ्याला कधी कुणी विचारलं नाही," मामा म्हणाला. "आता विचारतायत. म्हणजे चुना मलाच लावायचाय."

त्याचं खरं होतं. हार घालून त्याला घरी बसवायचं ठरलंच होतं, आणि त्या खोलीतल्या खुर्चीशिवाय मामाला ना संसार होता ना छंद. त्याने साहेबांवर संशय घेतला, तिकीटवाल्यावर घेतला, बिचाऱ्या झाडूवालीवरही घेतला. खुर्ची मला मिळणार होती. आठवड्यापूर्वीच मी हो म्हणून बसले होते. माझ्यावर मात्र त्याचा संशय नव्हता. मला लाज वाटत होती, तरी मी तोंड उघडलं नाही.

सत्काराच्या दुपारी दिवा बाहेरचा माणूस सांभाळेल, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं. मी पहिल्या रांगेत बसेन, असं मी सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी वर होते, माझ्या स्टुलावरच. खुर्चीत बसवेना.

मामाची एक खोड होती. झोत आधी नटाच्या पायांवर टाकायचा, डोळे सरावले की मगच हळूहळू चेहऱ्याकडे न्यायचा. असं दुसरं कुणी करत नाही. माझ्या हाताने सवयीने तेच केलं.

मामाने पायांकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेतल्या रिकाम्या जागेकडे, मग वर. त्या अंधारात मी त्याला दिसणं शक्य नव्हतं. मग त्याने माईक जवळ ओढला.

"झोत जरा डावीकडे घे," तो म्हणाला. "आणि स्टुलावरून ऊठ. खुर्चीत बस."